विहिरी समुद्रात का दिसतात?

प्रश्न : पुरंदर तालुक्यातील विहिरींच्या तक्त्यावरून मी पायथॉनमध्ये शेपली आणि जिओपांडाज (भौगोलिक माहिती हाताळणारे तयार कोडसंच) वापरून बिंदू तयार केले. क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रोग्राममध्ये ते सगळे नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसतात. शिवाय दोन विहिरींमधले अंतर ०.०१ असे येते. ते मीटरमध्ये कसे मिळवावे? (एक वाचक, सासवड)

उत्तर : शेपलीचा ‘पॉइंट’ पहिला आकडा आडव्या अक्षाचा, म्हणजे रेखांश, आणि दुसरा उभ्या अक्षाचा, म्हणजे अक्षांश मानतो. आपण ‘अक्षांश-रेखांश’ म्हणतो आणि तोच क्रम नकळत कोडमध्ये उतरतो. सासवडसाठी (१८.३४५, ७४.०३) लिहिले की ७४.०३ हा उत्तर अक्षांश ठरतो आणि बिंदू नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात, बेअर बेटाच्या दक्षिणेला पडतो. तेही पृथ्वीवरचेच ठिकाण असल्याने प्रोग्राम कसलीही त्रुटी दाखवत नाही. आकड्यांची अदलाबदल करावी. जिओजेसन या फाइल-प्रकारातही रेखांशच आधी येतो; वेबपानावर नकाशे दाखवणाऱ्या लीफलेटला मात्र अक्षांश आधी लागतो.

त्यानंतरही काही विहिरी दक्षिणेला सरकलेल्या वाटल्या, तर मूळ नोंदी तपासाव्यात. १८ अंश २० मिनिटे ४२ सेकंद म्हणजे १८.२०४२ नव्हे, मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशांत मिळवल्यावर १८.३४५ येते. या गफलतीने विहीर सुमारे साडेपंधरा किलोमीटर सरकते, पण जमिनीवरच राहते, म्हणून माझ्या मते समुद्रातल्या विहिरीपेक्षा हीच चूक अधिक धोक्याची आहे.

तुमचे ०.०१ हे अंतर अंशांत आहे. त्याला सरसकट १११ किलोमीटरने गुणू नये, कारण पुरंदरच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश १०६ किलोमीटरांहूनही किंचित कमी भरतो. आधी जिओपांडाजच्या ‘सेट सीआरएस’ या आज्ञेने बिंदूंना ईपीएसजी ४३२६ ही अंशांतल्या अक्षांश-रेखांशांची प्रणाली जोडावी, मग ‘टू सीआरएस’ने ते ईपीएसजी ३२६४३ मध्ये, म्हणजे यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीच्या ४३ व्या उत्तर पट्ट्यात, रूपांतरित करावेत आणि नंतरच अंतर मोजावे. या दोन आज्ञांची गल्लत अनेकांची होते. पहिली केवळ पाटी लावते, आकडे बदलत नाही. त्यामुळे अंशांतल्या आकड्यांना थेट ३२६४३ ची पाटी लावली, तर ७४ आणि १८ हे मीटर समजले जातात आणि तालुक्यातल्या साऱ्या विहिरी विषुववृत्तालगत, मालदीवच्या पश्चिमेला, मीटरभर जागेत गोळा होतात. ४३ वा पट्टा ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांपुरता आहे. नागपूर-गडचिरोलीकडच्या विहिरींसाठी ३२६४४ घ्यावा.