पोलिसावर कोयता उगारला तर शिक्षा किती?

प्रश्न: माझे भावोजी कॉन्स्टेबल आहेत, शिमग्याच्या बंदोबस्तात एकाने दारूच्या नशेत कोयता मारला, हाताला सात टाके पडले. आता गावातले म्हणतात मिटवून टाका, पोरगा आपलाच आहे. पोलिसावर हत्यार चालवलं तर कायदा अजून कडक नको का? – एक वाचक, गुहागर

उत्तर: ताई, आधी भावोजींना बरं वाटू दे. कायदा थोडा कडक झालाय, थोडा ढिला पण. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या (IPC) जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यात कलम १२१ आहे, ड्युटीवरच्या सरकारी नोकराला जखमी केलं तर ५ वर्षांपर्यंत, मूळ केंद्रीय IPC मध्ये ३ होती, आणि गंभीर दुखापत असेल तर कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त १० वर्षं. पण नुसती अंगावर धाव, धक्काबुक्की यासाठी महाराष्ट्राने जुन्या कलम ३५३ मध्ये शिक्षा २ वरून ५ वर्षं केली होती, नव्या १३२ मध्ये ती परत २ च. गंमतच आहे!

आणि १२१ हत्यार बघत नाही, जखम बघतं. कोयत्यासाठी ११८ वेगळं लागतं, जिवे मारण्याच्याच हेतूने वार केला असं दिसलं तर १०९, त्यात जखम झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत जातं. म्हणून मेडिकल सर्टिफिकेट नीट घ्या, कोयता जप्त झालाय का ते पंचनाम्यात बघा.

मला विचाराल तर वर्षं वाढवून फार फरक पडत नाही, कोर्टात साक्षीदार फितूर होतात तिथेच केस बुडते, आणि तुमच्या गावात ती तयारी सुरू झालेली दिसतेय.