वाहन-शंका : गरम झाल्यावर अडणारी जुनी पोर्शे

प्रश्न (एरंडोल येथील वाचक) : माझ्याकडे १९८० सालची पोर्शे ९२४ आहे. मामांनी ती आखातातून परतताना आणली होती. १० वर्षे शेडमध्ये उभी राहिलेली ही गाडी गेल्या वर्षी मी पुन्हा रस्त्यावर आणली. सकाळी ती पहिल्याच सेल्फला चालू होते. मात्र इंजिन तापले की आयडलिंग एकसारखे राहत नाही. आरपीएमचा काटा ९०० वरून ६०० पर्यंत उतरतो, गिअरची दांडी थरथरते आणि सिग्नलला गाडी कधी कधी बंदही पडते. दुसरा त्रास याहून मोठा आहे. धुळ्याहून येताना पारोळ्याला चहासाठी २० मिनिटे थांबलो की गाडी पुन्हा चालू होत नाही. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. दीड तासाने ते पकडते, अर्धा मिनिट दोन-तीन सिलिंडरवर चालल्यासारखे अडखळते आणि मग सुरळीत होते. पेट्रोलचा वास येत नाही. प्लग, कॉइल आणि पंपाचा रिले बदलून झाला आहे. एका मेकॅनिकने हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा स्क्रू फिरवून दिला, दुसऱ्याने पंपावर ओले फडके ठेवायला सांगितले. आता इंजेक्शनची यंत्रणा काढून कार्ब्युरेटर बसवा, असे सांगितले जात आहे. काय करावे?

उत्तर : कृपया कार्ब्युरेटर बसवू नका. तुमच्या गाडीत बॉशची के-जेट्रॉनिक यंत्रणा आहे. ती जवळजवळ पूर्णपणे यांत्रिक आहे आणि दाब मोजण्याचा एक गेज हाताशी असेल तर तिचा दोष नेमका पकडता येतो. आतापर्यंत तुमचा खर्च झाला तो पार्टवर. मोजमाप मात्र कोणीच केलेले दिसत नाही.

गरम असताना चालू न होण्याचा त्रास आधी घेऊ, कारण त्याची खूण तुमच्या पत्रातच आहे. गाडी बंद केल्यावर पाणी फिरायचे थांबते, पंख्याची हवा थांबते आणि बॉनेटखालचे तापमान काही वेळ उतरण्याऐवजी चढतच जाते. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच ४४ अंश असतात, तेव्हा आतल्या बारीक नळ्यांतल्या पेट्रोलची काय अवस्था होत असेल याची कल्पना करता येईल. पेट्रोलमधले हलके घटक साध्या दाबाला ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. ते उकळू नयेत म्हणून या यंत्रणेत इंजिन बंद झाल्यावरही नळ्यांत दाब टिकवून धरण्याची व्यवस्था केलेली आहे. तो दाब गळून गेला की नळ्यांत वाफ भरते आणि इंजेक्टरपर्यंत पेट्रोल पोहोचतच नाही. दीड तासाने इंजिन निवते, वाफेचे पुन्हा पेट्रोल होते आणि गाडी चालू होते. सुरुवातीचे अडखळणे म्हणजे एकेका इंजेक्टरच्या नळीतली उरलेली वाफ बाहेर पडणे. इंजेक्टर किंवा थंड इंजिन चालू करताना जादा पेट्रोल देणारा पाचवा इंजेक्टर गळून इंजिन ओव्हरफ्लो झाले असते, तर वास आला असता, प्लग ओले-काळे निघाले असते आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यावर काळा धूर सोडत इंजिन पकडले असते.

ओल्या फडक्याविषयी दोन शब्द. ॲम्बॅसडर आणि पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला असायचा, त्यामुळे भर उन्हात त्यावर ओले फडके टाकण्याचा आपल्या जुन्या फिटर मंडळींचा उपाय अगदी रास्त होता. तुमचा पंप विजेवर चालणारा असून मागे टाकीजवळ आहे. त्याला गार करून उपयोग नाही. तेच फडके पुढे इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळ्यांवर १० मिनिटे ठेवून गाडी लवकर चालू झाली, तर मात्र वाफेचा संशय पक्का होतो. प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर आणि वायरिंग यांवर पाणी जाऊ देऊ नका.

आता गेज. तो फ्युएल डिस्ट्रिब्युटर (एकेका इंजेक्टरला पेट्रोल वाटून देणारा भाग) आणि वॉर्म-अप रेग्युलेटर (इंजिन तापेपर्यंत मिश्रणात पेट्रोल जास्त ठेवणारा भाग) यांच्या मधल्या नळीत, कॉकसह जोडायचा असतो. कॉक बंद असताना मूळ दाब (पंपाकडून येणारा) साधारण ४.५ ते ५.२ बार आणि इंजिन गरम झाल्यावर कॉक उघडा ठेवून नियंत्रण दाब (वॉर्म-अप रेग्युलेटरने ठरवलेला) ३.४ ते ३.८ बारच्या आसपास दिसला पाहिजे. नेमके आकडे तुमच्या सालाच्या मॅन्युअलमधून ताडून घ्या. त्यानंतर इंजिन बंद करा आणि काट्याकडे पाहत बसा. दाब थोडा उतरून तिथेच थांबला पाहिजे. चहा संपायच्या आत काटा शून्याकडे गेला, तर दोष सापडला असे समजा.

दाब कुठून गळतो हे शोधताना आधी ॲक्युम्युलेटर पाहा. पंपाजवळच्या या डब्यात स्प्रिंग आणि पडदा असतो आणि दाब टिकवण्याचे काम मुख्यतः तोच करतो. त्याच्या मागच्या बाजूची बारीक नळी काढून तिथे कोरडी वाटी धरा आणि पंप चालवा. वाटीत पेट्रोल उतरले तर पडदा फाटला आहे. डबा बदलावाच लागेल. वाटी कोरडी राहिली तर पुन्हा दाब भरून पंप बंद करा आणि त्याच क्षणी टाकीतून पंपाकडे येणारा रबरी पाइप क्लॅम्पने दाबून धरा. आता दाब टिकला, तर पंपाच्या तोंडावरचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल उलटे फिरू न देणारी झडप) निकामी आहे. सर्व पार्टमध्ये हा स्वस्तातला आहे आणि माझा पहिला संशयही याच्यावरच आहे, कारण १० वर्षे उभ्या गाडीत त्याच्या बैठकीवर कचरा धरतो. तरीही दाब उतरत असेल, तर गेजचा कॉक बंद करून पाहा. तेव्हा टिकला तर वॉर्म-अप रेग्युलेटर दोषी. टाकीकडे परत जाणारा पाइप दाबल्यावर टिकला, तर फ्युएल डिस्ट्रिब्युटरमधल्या प्रेशर रेग्युलेटरची रबरी रिंग गेली आहे. विणलेल्या आवरणाच्या दाबाच्या नळ्यांना क्लॅम्प कधीही लावू नका.

हे काम बंद गॅरेजमध्ये करू नये. नळी उघडण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, जोडावर फडके गुंडाळून दाब हळूहळू सोडा आणि अग्निशामक सिलिंडर हाताच्या अंतरावर ठेवा. ५ बार दाबाची पेट्रोलची पिचकारी तापलेल्या एक्झॉस्टवर गेली, तर सावरायला वेळ मिळत नाही.

आयडलिंगचा दोष बहुधा वेगळा आहे. या यंत्रणेत आत येणारी हवा एका चकतीला उचलते आणि चकती जितकी उचलली जाईल तितके पेट्रोल सुटते. चकतीला चुकवून कुठूनही हवा शिरली की तिचा हिशेब लागत नाही आणि मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. आयडलिंगला चालू इंजिनच्या ऑइलचे झाकण उघडून पाहा. निरोगी इंजिन लगेच लडखडते किंवा बंद पडते. तुमच्या इंजिनला काहीच फरक पडला नाही, तर हवा आधीच दुसरीकडून घुसते आहे. इंजेक्टरच्या बैठकीच्या रिंगा, चकतीनंतरचा मोठा रबरी बूट, ब्रेक बूस्टरचा पाइप आणि डिपस्टिकचे सील एवढ्या जागा आधी तपासा. पंक्चरवाला टायरवर साबणाचे पाणी फिरवून बुडबुडे शोधतो, तसेच इथे इंजिन बंद व थंड असताना, बुटाचे तोंड बंद करून, पायपंपाने अगदी हलकी हवा भरून करता येते. तापलेल्या इंजिनवर क्लीनरचा स्प्रे मारून गळती शोधण्याची पद्धत मला मान्य नाही.

मिश्रणाचा स्क्रू सर्वांत शेवटी. हवेची गळती तशीच ठेवून तो फिरवला की दोष झाकला जातो. गळत्या बंद झाल्यावर एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड मोजून ३ मि.मी.च्या ॲलन चावीने तो अगदी थोडा-थोडा फिरवावा आणि दर वेळी चावी बाहेर काढूनच रेस द्यावी.

प्रश्न (शहादा येथील वाचक) : अशाच जुन्या इंजेक्शनच्या गाडीत हल्लीचे इथेनॉलमिश्रित पेट्रोल वापरल्याने आयडलिंग बिघडते का?

उत्तर : काही प्रमाणात होय. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, तर २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला सुमारे १३.५. ऑक्सिजन सेन्सर नसलेल्या यंत्रणेला हा फरक कळत नाही, म्हणून मिश्रण पातळ पडते आणि ज्या इंजिनात आधीच थोडी हवा घुसते ते आयडलिंगला हलू लागते. म्हणून मिश्रण बसवताना टाकीत नेहमीच्याच पंपावरचे पेट्रोल असावे. त्याहून तातडीची बाब जुन्या रबरी पाइपांची आहे. इथेनॉलने ते फुगतात, मऊ पडतात किंवा चिरतात. टाकीपासून पुढपर्यंतचे सर्व रबरी पाइप इथेनॉलला टिकणाऱ्या, इंजेक्शनच्या दाबाच्या पाइपने बदलून घ्या. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर आतून गंज धरलेला नाही याची खात्री करून टाकी भरून ठेवा, कारण रिकाम्या जागेतल्या हवेतला ओलावा इथेनॉलमध्ये शोषला जातो आणि ते पाणी तळाशी बसते.