देवाकडे नेमकं मागा: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या खेपेला आलेली बरीचशी पत्रं आणि मेसेज एकाच विषयावर होते. आजूबाजूला लोक अडचणीत आहेत, कुणावर अन्याय होतोय, अशा वेळी ख्रिस्ती माणसाने प्रार्थना करायची म्हणजे नक्की काय करायचं? त्यातले चार प्रश्न घेतलेत. गोव्यात मराठी वाचणारे आपण हिंदूही आहोत आणि ख्रिस्तांवही, म्हणून काही गोष्टी जरा उलगडून लिहिल्यात, ज्यांना ठाऊक आहेत त्यांनी पुढे जावं.

प्रश्न: रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेत, ज्या विनवण्या वाचतात त्या लिहायचं काम या महिन्यात आमच्या वाड्याकडे आलंय. दरवेळी तेच असतं, गरिबांसाठी, आजाऱ्यांसाठी, जगात शांती नांदावी म्हणून. आमच्या चर्चच्या मागेच एका बिल्डिंगचं काम चालू आहे, मजूर पत्र्याच्या खोल्यांत राहतात, त्यांचा पगार अडकलाय असं कानावर आलं. हे मिस्सेत वाचावं का? आणि कसं लिहायचं? (म्हापसा)

वाचा ताई, जरूर वाचा. या विनवण्या त्यासाठीच आहेत. कित्येक शतकं त्या रोजच्या मिस्सेतून गेल्याच होत्या, गुड फ्रायडेला तेवढ्या मोठ्या विनवण्या उरल्या होत्या, १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, त्या परत आणल्या. क्रम साधारण ठरलेला असतो, आधी चर्चसाठी, मग राज्यकर्ते आणि जगासाठी, मग अडचणीत असलेल्यांसाठी आणि शेवटी आपल्या गावासाठी. तिसरी आणि चौथी विनवणी इतकी गुळगुळीत झालीय की 'पीडितांसाठी' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर एकही चेहरा येत नाही, तोंडाने ठरलेलं उत्तर दिलं जातं आणि मन जेवणाकडे गेलेलं असतं.

पण लिहायच्या आधी एक काम करा, त्या मजुरांना जाऊन भेटा. कानावर आलेल्यावर प्रार्थना लिहू नका. किती महिन्यांचे पैसे राहिलेत, आठवड्याला खर्चीपुरते तरी हातात पडतात का, पोरं शाळेत जातात का, हे विचारा आणि मुख्य म्हणजे, आम्ही हे चर्चमध्ये म्हटलं तर चालेल ना, हेही विचारा. कारण कंत्राटदार किंवा त्याच्या ओळखीचं कुणी पुढच्याच बाकावर बसलेलं असू शकतं आणि आपल्या चांगल्या हेतूने एखाद्याची खोली आणि काम दोन्ही जायला नको. कुणाचं नाव नको, बिल्डिंगचं पण नको, अडचण मात्र अगदी स्पष्ट हवी. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तर म्हटलंय की मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानापर्यंत जाते, तेव्हा पगाराचा विषय देवळात कसा काढायचा हा संकोच सोडा. मी असं लिहीन:

'हे प्रभू, आमच्या गावात घरं बांधणारी माणसं स्वतः पत्र्याखाली राहतात आणि केलेल्या कामाचे पैसे त्यांना वेळेवर मिळत नाहीत. त्यांची मजुरी त्यांच्या हातात पडू दे. ज्यांनी ती द्यायची आहे त्यांना ती आत्ता द्यायची बुद्धी दे आणि आमच्यातल्या ज्यांचा शब्द चालतो त्यांना त्यांच्यासाठी बोलायचं धैर्य दे. आम्ही विनंती करतो.'

बस, एवढंच. देवाला बातमी सांगत बसायची गरज नाही आणि विनवणीतून लोकांना प्रवचनही नको. वाचल्यावर क्षणभर थांबा, मग उत्तर घ्या. तुमची मिस्सा कोंकणीतून असणार, तर कोंकणीतच लिहा, पण ते मजूर ख्रिस्ती असतील आणि मिस्सेला येत असतील तर एक ओळ त्यांच्या भाषेतही वाचा, हिंदी असो नाहीतर कन्नड. आणि सोमवारी तुमच्या गटातल्या कुणीतरी त्यांच्यातल्या एक-दोघांना घेऊन पणजीला कामगार आयुक्तांच्या ऑफिसात चौकशी करा, प्रार्थनेतलं शेवटचं मागणं, बोलायच्या धैर्याचं, आपल्याबद्दलच आहे.

प्रश्न: २०२१ च्या मे महिन्यात माझा धाकटा भाऊ कोविडने गेला. घरात रोज तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत होतो, सगळा वाडा त्याच्यासाठी मागत होता. तेव्हापासून मला प्रार्थना जमत नाही, म्हणायला बसले की रागच येतो. लोक म्हणतात देवाची इच्छा होती, असं बोलू नये, पाप लागतं. मी काय करू? (वास्को)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि तुमच्याबद्दल, तुमच्या भावाबद्दल फार वाईट वाटलं.

राग येतो तर तो रागच देवासमोर ठेवा, ती प्रार्थनाच आहे, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. बायबलमध्ये दीडशे स्तोत्रं आहेत, त्यातली जवळपास एक तृतीयांश तक्रारीची, रडण्याची, विलापाची आहेत. तेरावं स्तोत्र सुरूच होतं 'कुठवर, हे परमेश्वरा' असं विचारत, बाविसावं 'तू मला का टाकलंस' असं, आणि तेच शब्द येशूने वधस्तंभावर उच्चारले. अठ्ठ्याऐंशीवं तर वेगळंच आहे, बाकीची स्तोत्रं रडून-भांडून शेवटी कुठेतरी आशेवर येतात पण हे अंधारातच संपतं, एकही दिलाशाची ओळ नाही, आणि तरी ज्यांनी ही स्तोत्रं एकत्र केली त्यांनी ते गाळलं नाही. दुःखात असलेल्या माणसाला तोंड वर करून विचारायचा हक्क आहे, हे त्यांना कळत होतं.

आता खास तुमच्यासाठी एक जागा सांगते. योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढा. लाजर आजारी पडतो, बहिणी येशूला निरोप धाडतात, तो लगेच येत नाही, येतो तेव्हा भावाला कबरीत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था रस्त्यातच त्याला गाठते आणि पहिलंच वाक्य बोलते ते हे, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. बहीण आहे ती, तुमच्यासारखी. येशू तिला गप्प करत नाही, देवाची इच्छा होती असं म्हणत नाही, पाप लागेल असंही नाही. मग दुसरी बहीण मरिया येते, तीही तेच वाक्य बोलते, आणि तिला रडताना बघून तो स्वतः रडतो. पुढे लाजर उठतो, तुमचा भाऊ उठला नाही, हा फरक मी लपवत नाही, आणि तुमच्या वाड्याचं मागणं का ऐकलं गेलं नाही हे आपल्याला ठाऊक आहे असं जो सांगतो त्याच्यावर भरवसा ठेवू नका. पण भावासाठी बहिणीने देवाला जाब विचारला तर देव तोंड फिरवतो असं त्या अध्यायात कुठेच नाही.

तुम्हाला आठवत असेल, २७ मार्च २०२० ला पोप फ्रान्सिस पावसात रिकाम्या सेंट पीटर्स चौकात एकटे उभे राहिले होते, आपण सगळ्यांनी टीव्हीवर, मोबाईलवर पाहिलं. १५२२ च्या प्लेगमध्ये रोमच्या रस्त्यांतून फिरवलेला क्रूस तिथे आणून ठेवला होता. आणि बायबलमधलं वाचन कुठलं, तर वादळात होडी बुडायला आलीय, येशू झोपलाय आणि शिष्य ओरडतात, गुरुजी, आम्ही मरतोय याची तुम्हाला काही काळजी आहे की नाही. सगळं जग घाबरलेलं असताना चर्चने हीच ओरड निवडली.

करायचं काय, तर काही दिवस ते अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तेवढं वाचा, मोठ्याने. घरी तेर्स चालू असेल तर नुसत्या बसा, बाकीचे म्हणतील, कधीकधी दुसऱ्यांनी आपल्या वतीने म्हणायचं असतं. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल तर डॉक्टरांशी, समुपदेशकाशीही बोला, त्याने श्रद्धा कमी होत नाही. आणि ज्यांनी हे वाचताना आपला शेजारी आठवला असेल त्यांना एक विनंती, दुःखाच्या घरी जाताना समजुतीची वाक्यं घेऊन जाऊ नका, पेज घेऊन जा, मुलांना दोन तास सांभाळा. आपल्या बाणावलीत जन्मलेले पाद्री संत जुझे वाझ हेच करत होते, १६९७ मध्ये श्रीलंकेत कँडीला देवीची साथ आली तेव्हा लोक आपल्याच आजारी माणसांना टाकून पळत होते आणि हे त्यांना धुवत होते, खाऊ घालत होते, मेलेल्यांना पुरत होते, ख्रिस्ती कोण आणि बौद्ध कोण हे न बघता.

प्रश्न: चर्चमध्ये हल्ली खाणी, जमिनी, झाडं, मच्छीमार यांच्यासाठी प्रार्थना होतात. मला वाटतं प्रार्थना म्हणजे मी आणि देव, त्यात राजकारण कशाला? (मडगाव)

दादा, एकांतातली प्रार्थना हवीच, येशूही डोंगरावर एकटा जायचा. पण शिष्यांना त्याने जी प्रार्थना शिकवली त्यात 'मला' हा शब्दच नाही, आमचा पिता, आमची भाकर, आमचे अपराध. आमोस संदेष्टा तर देवाच्या वतीने सरळ बजावतो की तुमच्या गाण्यांचा गोंगाट थांबवा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. येशूची आई मरिया हिचं स्तोत्र आपण किती गोडव्याने म्हणतो, त्यात बलवंतांना आसनावरून उतरवलं आणि भुकेल्यांना तृप्त केलं असं आहे! आणि सतत प्रार्थना करावी हे सांगायला येशूने दाखला कुणाचा दिला, तर कोर्टात न्याय मागत खेटे घालणाऱ्या विधवेचा.

आपल्याकडचंच बघा. सत्तरच्या दशकात ट्रॉलर, म्हणजे मोठ्या यांत्रिक बोटी, किनाऱ्याजवळ मासे ओढायला लागले आणि रापणकारांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांच्या, चुली विझायची वेळ आली, तेव्हा मथानी साल्ढाणा नावाचा शिक्षक त्यांच्यासोबत उभा राहिला, तिकडे केरळात फादर थॉमस कोचेरी मच्छीमारांसाठी उपोषणाला बसले. आज १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, त्यामागे अशा माणसांचा झगडा आहे. बाहेरचं उदाहरण हवं तर तेव्हाच्या कम्युनिस्ट पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगचं निकोलाय चर्च. तिथे १९८२ पासून दर सोमवारी शांतीची प्रार्थना व्हायची, सुरुवातीला मोजकी माणसं, आणि ९ ऑक्टोबर १९८९ ला त्या प्रार्थनेनंतर सुमारे ७०,००० लोक रस्त्यावर होते, हातात मेणबत्त्या होत्या, आणि गोळी चालली नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत पडली.

तुमचा एक मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करते, पक्षाचं राजकारण विनवणीत नको. कुणाला टोमणा मारायला देवाचं नाव वापरलं तर ती प्रार्थना राहत नाही. खाणींचंच घ्या, सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्यावर मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा डिचोली, सांगे भागात ट्रकचे हप्ते थकलेली घरं होती आणि त्याच गावांत खाणीच्या मातीने शेत बुडालेली, विहीर आटलेली घरंही होती. दोघांचं दुःख खरं आहे. एकाचंच नाव घेतलंत तर दुसरा शेजारी चर्चमध्ये बसून काय ऐकेल? दोघांसाठी वेगवेगळ्या दोन विनवण्या करा, प्रत्येकाला नेमकं काय हवंय ते म्हणा, एकाला कामधंदा, दुसऱ्याला शेत आणि पाणी. गोलमोल 'खाणपट्ट्यातल्या बांधवांसाठी' नको.

प्रश्न: मी सत्तरी तालुक्यात शिक्षिका आहे. पावसात आमच्या काही मुलांच्या मातीच्या घरांच्या भिंती पडल्या. शाळेत सगळ्यांना म्हणता येईल अशी एखादी ख्रिस्ती प्रार्थना सुचवाल का? मुलं बहुतेक हिंदू आहेत, आणि जुलै २०२१ चा म्हादईचा पूर अजून लोकांच्या मनात आहे. (वाळपई)

बाई, संत फ्रान्सिसची म्हणून ओळखली जाते ती शांतीची प्रार्थना घ्या. देवाने मला त्याच्या शांतीचं साधन करावं, दिलासा मागण्यापेक्षा मला तो देता यावा, असं तिचं मागणं आहे, येशूचं नाव त्यात येत नाही, नुसतं प्रभू म्हणून हाक आहे, त्यामुळे कुठल्याही घरच्या मुलाला ती म्हणता येते. फळ्यावर खाली संत फ्रान्सिसचं नाव मात्र लिहू नका. ते १२२६ मध्ये वारले आणि ही प्रार्थना पहिल्यांदा छापली गेली १९१२ मध्ये पॅरिसच्या एका छोट्या मासिकात, लेखकाच्या नावाशिवाय. पुढे फ्रान्सिसच्या चित्राच्या मागे ती छापली गेली आणि नाव चिकटलं.

ज्यांची घरं पडली त्या मुलांना पुढे उभं करू नका, सगळ्यांची दया अंगावर आली की मूल आक्रसतं. त्यापेक्षा सगळ्या वर्गाला एकेक ओळ लिहायला सांगा, आपल्या गावात आत्ता कुणाला काय हवंय, नाव न घालता. कुणी लिहील वह्या, कुणी लिहील ताडपत्री, कुणी आजीचं औषध. त्याच ओळी मूळ प्रार्थनेनंतर वाचा आणि त्याच कागदावरून वस्तूंची यादी करा. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले होते, पुढे १८९७ च्या दुष्काळात त्या नुसती प्रार्थना करून थांबल्या नाहीत, मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली घेऊन आल्या आणि केडगावचं 'मुक्ती' हे निराधार मुलींचं घर त्यातून उभं राहिलं. तुम्हाला एवढं मोठं करायचं नाहीये. पडलेल्या घरांचा तलाठ्याकडून पंचनामा झालाय का तेवढं आधी बघा, आणि मामलेदारांच्या ऑफिसात अर्ज द्यायला पालकांसोबत लिहिता-वाचता येणारं कुणीतरी जाऊ दे.