प्रिंट घेऊन परत जा

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. फोटोग्राफीतून माणसांशी नातं जोडता यावं असं मनापासून वाटतं, पण अनोळखी माणसाशी बोलताना माझी जीभच उचलत नाही. सगळे फोटो मी टेलीफोटो लेन्सने लांबून काढते. सोबत बारा फोटो पाठवत आहे. माझ्यासारख्या बुजऱ्या मुलीने या क्षेत्रात यावं का?

उत्तर : तुझे बाराही फोटो मी दोन-तीनदा पाहिले. प्रकाशाची तुला चांगली समज आहे. पण अकरा फोटोंमधल्या माणसांना आपला फोटो निघतोय याचा पत्ताच नाही. बारावा तुझ्या आजीचा. तो किंचित हलला आहे आणि कडेला दाराची कडीही आली आहे, तरी मी सर्वांत जास्त वेळ तिथेच थांबलो, कारण ती तुझ्याकडे बघते आहे.

या क्षेत्रात जरूर ये. बुजरेपणा आड येत नाही, अंतर मात्र येतं. 300 मिमी लेन्सने खांद्यापर्यंतचा चेहरा सात-आठ मीटरवरून घेता येतो. तोच 50 मिमीच्या साध्या लेन्सने घ्यायचा तर सव्वा मीटरवर जावं लागतं, म्हणजे बोलण्यावाचून गत्यंतर नाही. सहा महिने टेलीफोटो कपाटात ठेव. सुरुवातीला गप्पा रंगल्या नाहीत तरी चालेल. कॅमेरा दिसला की माणूस खांदे वर घेतो, श्वास रोखतो. घाई न करता नुसती उभी राहा. चार-पाच मिनिटांत खांदे आपोआप खाली येतात, आणि तुझा फोटो तिथून पुढे सुरू होतो.

अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँगला सातव्या वर्षी पोलिओ झाला आणि ती जन्मभर लंगडत चालली. त्या चालीमुळे लोक आपल्याला परकं मानत नाहीत, असा तिचा अनुभव होता. पण तिचीच दुसरी गोष्टही लक्षात ठेव. 1936 मध्ये कॅलिफोर्नियात शेतमजुरांच्या तळावर एका आईचे तिने मोजके फोटो घेतले. त्यातला एक जगभर गेला. लँगने तिचं नाव विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळलं ते 1978 मध्ये, आणि तेव्हा फ्लॉरेन्सबाई म्हणाल्या की हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं. फोटो थोर आहे यात शंका नाही, पण हे वाचून मला आजही चुटपुट लागते.

तुला जे हवं आहे ते मला मिल्टन रोगोविनच्या कामात दिसतं. हा अमेरिकेतल्या बफेलो शहरात चष्म्याचे नंबर काढून देणारा माणूस. 1972 पासून तो तिथल्या एका गरीब वस्तीत जाऊन लोकांचे फोटो काढू लागला. कसं उभं राहायचं हे तो त्यांच्यावरच सोडायचा आणि काढलेल्या फोटोची प्रिंट त्यांना नेऊन द्यायचा. पुढे काही वर्षांनी, मग आणखी काही वर्षांनी, तो त्याच घरांमध्ये पुन्हा गेला. पोरसवदा जोडपी पुढच्या फोटोंत पोक्त झालेली दिसतात. हे नातं परत जाण्यातून तयार झालं.

आता पोटापाण्याचं. पदवी पूर्ण कर, तिथे तडजोड नको. आत्मीयतेने केलेल्या प्रकल्पातून सुरुवातीची बरीच वर्षं पैसे मिळत नाहीत. घर चालतं ते लग्नाची, उत्पादनांची, संस्थांची कामं घेऊन. ती कमी दर्जाची मानू नकोस. लग्नघरात दोन दिवस वावरून जेवढी माणसं कळतात तेवढी कुठल्याच वर्गात कळणार नाहीत. पोर्टफोलिओत मात्र शंभर सुटे फोटो भरू नकोस. एकाच विषयावरचे पंधरा-वीस पुरेत.

येत्या महिन्यात एकच व्यक्ती निवड. नाव विचार, फोटो कुठे वापरणार ते सांग, आणि नको म्हटलं तर मुकाट्याने कॅमेरा खाली घे. आठवड्याने छापील प्रिंट हातात दे, मोबाइलवर पाठवून मोकळी होऊ नकोस. मग विचारून दुसरा फोटो काढ. तो पहिल्यापेक्षा वेगळा येईल.

पुढच्या पत्रात त्या एका व्यक्तीचे तीनच फोटो पाठव. आणि प्रिंट हातात घेतल्यावर ती आधी काय बोलली, तेही लिही.