वाचकांचे प्रश्न : फाइल सेव्ह केली, तरी बदल दिसत का नाही?

प्रश्न : आमचा प्रकल्प स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कवर आहे. दर वेळी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करण्याचा कंटाळा आल्याने मी मेव्हन या बिल्ड साधनाच्या पॉम फाइलमध्ये डेव्हटूल्सची (कोड बदलताच रीस्टार्ट आपोआप करणाऱ्या स्प्रिंग बूटच्या साधनाची) डिपेन्डन्सी जोडली. कोड लिहिण्यासाठी एक्लिप्स वापरणाऱ्या सहकाऱ्याकडे फाइल सेव्ह करताच अ‍ॅप्लिकेशन नव्याने सुरू होते. माझ्याकडे इंटेलिजे आयडियामध्ये मात्र काहीच घडत नाही. काय राहून गेले असावे? शिवाय डिबगरमध्ये हॉटस्वॅप, म्हणजे चालू प्रोग्रॅममध्येच कोड बदलण्याची सोय, असताना डेव्हटूल्सची गरज आहे का?

उत्तर : डेव्हटूल्सचे लक्ष तुम्ही लिहिलेल्या जावा फाइलकडे नसते, तर ती कंपाइल होऊन क्लासपाथवर (जावा जिथून क्लास शोधते त्या ठिकाणी) आलेल्या क्लास फाइलकडे असते, आणि तुमच्या अडचणीचे मूळ बहुधा तिथेच आहे. एक्लिप्स फाइल सेव्ह होताच ती कंपाइल करते, इंटेलिजे मूळ सेटिंगमध्ये तसे करत नाही. त्यामुळे तुमच्याकडे क्लास फाइल जुनीच राहते आणि डेव्हटूल्सला काही बदलल्याचे कळतच नाही. खात्री करून घ्यायची असल्यास अ‍ॅप्लिकेशन चालू असताना एक ओळ बदलून टार्गेट फोल्डरमधील त्या क्लास फाइलची वेळ पाहावी. ती बदलली नसेल, तर डेव्हटूल्सच्या सेटिंगशी झगडण्यात अर्थ नाही.

उपाय दोन आहेत. बदल झाल्यावर स्वतः बिल्ड प्रोजेक्ट करावे (विंडोज आणि लिनक्सवर कंट्रोल आणि एफ९), किंवा कंपायलरच्या सेटिंगमध्ये 'बिल्ड प्रोजेक्ट ऑटोमॅटिकली' सुरू करून, त्यासोबत अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमधील अ‍ॅप्लिकेशन चालू असतानाही ऑटो-मेकला परवानगी देणारा पर्याय निवडावा. या दुसऱ्या पर्यायावर खूण करायची अनेकांकडून राहून जाते. माझा स्वतःचा कल पहिल्या उपायाकडे आहे, कारण अर्धवट लिहिलेल्या कोडवर अ‍ॅप्लिकेशन वारंवार सुरू होत राहणे हाही एक वेगळा त्रासच असतो.

आता हॉटस्वॅपविषयी. ही सोय जावाच्या जेडीके १.४ पासून जेव्हीएममध्येच (जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेतच) आहे आणि ती चालू प्रोसेसमधील मेथडचा आतला मजकूर बदलते. सवलतीचा दर ५ टक्क्यांवरून १२ टक्के करायचा असेल आणि तो आकडा मेथडच्या आतच लिहिलेला असेल, तर डिबग करताना बदललेली क्लास फाइल लोड केल्यावर त्या मेथडच्या पुढच्या कॉलपासून नवा दर लागू होतो. त्या क्षणी चालू असलेला कॉल मात्र जुन्याच कोडने पूर्ण होतो. तोच दर स्टॅटिक फील्डमध्ये ठेवला असेल आणि तो क्लास लोड होताना मोजला जात असेल, तर फील्डची जुनी किंमत कायम राहते, कारण ती किंमत ठरवणारा स्टॅटिक इनिशियलायझर पुन्हा चालत नाही. आणि दरासाठी नवे फील्ड जोडले, तर डिबगर 'स्किमा चेंज नॉट इम्प्लिमेंटेड' (क्लासच्या रचनेतील बदलाची सोय नाही) असे सांगून बदल नाकारतो. नवे फील्ड, नवी अ‍ॅनोटेशन, नवा बीन (स्प्रिंग सांभाळते तो ऑब्जेक्ट) हे तर रोजचेच काम, आणि तिथे हॉटस्वॅप पुरे पडत नाही.

डेव्हटूल्स हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवते. जार फाइलमधील, म्हणजे सहसा न बदलणारे क्लास एका क्लासलोडरमध्ये (क्लास मेमरीत आणणाऱ्या भागामध्ये) आणि तुमचे क्लास दुसऱ्या क्लासलोडरमध्ये ठेवले जातात. बदल झाला की फक्त दुसरा टाकून देऊन नवा बनवला जातो आणि जेव्हीएम चालूच राहते. म्हणजे हे रीस्टार्टच असते, फक्त वेगवान, आणि त्याची किंमतही रीस्टार्टसारखीच असते : सिंगलटनमध्ये (एकदाच बनून सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये) साठवलेली माहिती जाते, मेमरीतील एच२ डेटाबेस रिकामा होतो. गुंतागुंतीची स्थिती उभी करून एकाच मेथडचा छडा लावायचा असेल तेव्हा हॉटस्वॅप बरे, एरवी डेव्हटूल्स. दोन्हींचे गुण एकत्र हवे असल्यास जेटब्रेन्सच्या जावा रनटाइममध्ये क्लासची रचना बदलू देणारी सुधारित सोय आहे आणि तिच्या जोडीला हॉटस्वॅप एजंट वापरता येतो; जेरिबेल हा विकत घ्यावा लागणारा पर्याय आहे.

प्रश्न : डेव्हटूल्स जोडल्यापासून मधूनच क्लासकास्ट एक्सेप्शन (एका प्रकारचा ऑब्जेक्ट दुसऱ्या प्रकारचा मानता येत नाही, अशी चूक) येते आणि गंमत म्हणजे संदेशात दोन्ही बाजूंना एकाच क्लासचे नाव असते. हे कसे?

उत्तर : जेव्हीएमच्या दृष्टीने क्लासची ओळख नाव आणि त्याला लोड करणारा क्लासलोडर मिळून ठरते. वर सांगितलेल्या दोन क्लासलोडरांनी एकच क्लास वेगवेगळा लोड केला, तर नाव तेच राहूनही ते दोन वेगळे प्रकार ठरतात. तुमच्याच प्रकल्पाचे एखादे मॉड्यूल जार म्हणून येत असेल, तर ते पहिल्या क्लासलोडरमध्ये जाते; ते दुसऱ्यात आणण्यासाठी मेटा-इन्फ फोल्डरमध्ये स्प्रिंग-डेव्हटूल्स नावाची प्रॉपर्टीज फाइल ठेवून, 'रीस्टार्ट डॉट इन्क्लूड'ने सुरू होणाऱ्या नोंदीत त्या जारच्या नावाशी जुळणारे रेग्युलर एक्स्प्रेशन द्यावे. कॅशमधून ऑब्जेक्ट डीसिरियलाइझ करतानाही (साठवलेल्या माहितीतून तो पुन्हा उभा करतानाही) हीच चूक उद्भवते. अशा वेळी विकासापुरती ती कॅश बंद ठेवणे सर्वांत सोपे.

प्रश्न : डेव्हटूल्स चुकून प्रत्यक्ष सर्व्हरवर गेले तर?

उत्तर : पॅकेज केलेली जार नेहमीच्या पद्धतीने चालवली की ते आपोआप बंद राहते, आणि स्प्रिंग बूटचे बिल्ड प्लगइन मुळात ते त्या जारमध्ये घालतच नाही. तरीही मेव्हनमध्ये ही डिपेन्डन्सी ऑप्शनल आणि ग्रेडल या दुसऱ्या बिल्ड साधनामध्ये डेव्हलपमेंट-ओन्ली ठेवावी, म्हणजे ती इतर मॉड्यूलमध्ये झिरपत नाही. दूरच्या सर्व्हरवर कोड पाठवणारी डेव्हटूल्सची रिमोट सोय मात्र प्रत्यक्ष सर्व्हरवर कधीही सुरू करू नये.