छोट्या हायब्रिड गाडीचं ॲव्हरेज कंपनी सांगते तेवढं का मिळत नाही?

कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत, गाडी रोलरवर चालवून काढलेला असतो. रस्त्यावर तो क्वचितच मिळतो. गंमत म्हणजे हायब्रिड (इंजिनासोबत बॅटरीवर चालणारी मोटरही असलेली गाडी) गर्दीतच जास्त चांगलं ॲव्हरेज देते: सिग्नलला इंजिन बंद, ब्रेक दाबला की बॅटरी चार्ज. हायवेवर ताशी १०० च्या पुढे गेलात की हवेचा रोध वाढतो आणि ब्रेकच लागत नाही, मग बॅटरीत परत काय येणार?

खरा मार बसतो दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत. इंजिन गार असतं, त्यामुळे बॅटरी भरलेली असली तरी ते तापेपर्यंत चालूच राहतं.

डॅशबोर्डवरच्या आकड्यावर मी तरी विसंबत नाही. टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, पुढच्या वेळी पुन्हा फुल करून भागाकार करा. ४६२ किलोमीटरला २१ लिटर लागले, तर ॲव्हरेज २२.