साठ रुपयांची मेथी आणि कानातले रातकिडे

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चार महिने झाले, रात्री दोन्ही कानांत शिट्टी. ईएनटीकडची (कान-नाक-घसा डॉक्टरांकडची) ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, ‘जवळपास नॉर्मल’, हातात व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि वर ‘सवय होईल’. खरी भीती तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलीत: या आवाजाने हळूहळू बहिरेपणा येईल का, आणि शेजारच्या काकू म्हणतात तसे ऐकायचं मशीन लावल्याने कान आळशी होतात का?

दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. पण नुसत्या ‘नाही’ने झोप लागत नाही, हे मला ठाऊक आहे. मी डॉक्टर नाही. रबाळ्याच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला (दाबयंत्रांच्या विभागात) सत्तावीस वर्षं काढली आणि गेली नऊ वर्षं माझे कान वाजतायत, एवढीच माझी लायकी.

माझी चूक अशी झाली की कान वाजायला लागल्यावर मी फक्त त्या आवाजाच्या मागे लागलो. थेंब, तेल, गोळ्या, एकाने सांगितलं म्हणून लसणीची फोडणी कानात (हे कृपा करून करू नका). ऐकू कमी येतंय हे कळलं कोपरखैरण्याच्या भाजीबाजारात. मेथीची जुडी केवढ्याला विचारलं, बाई म्हणाली ‘साठ’. मला ऐकू आलं ‘आठ’. भर पावसाळ्यात आठ रुपयांत मेथी! मी खुशीत चार जुड्या पिशवीत टाकल्या आणि पन्नासची नोट पुढे केली. त्यानंतर ती जे बोलली ते मात्र सगळं स्वच्छ ऐकू आलं.

‘साठ’ आणि ‘आठ’ यांत फरक फक्त ‘स’चा. स, श, फ ही अक्षरं बारीक, उंच पट्टीची. आवाज पोचतो पण शब्द कळत नाही, तो यामुळे. आणि बहुतेकांची शिट्टी वाजते ती याच उंच पट्टीत. हा योगायोग नाही.

आतल्या कानात शंखासारखा भाग असतो, त्यात आवाज टिपणाऱ्या साधारण पंधरा-सोळा हजार केसपेशी. एकेका भागाची एकेक पट्टी. गोंगाटाने, वयाने किंवा काही औषधांनी त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. मग त्या पट्टीतून मेंदूला काही पोचत नाही, आणि मेंदू गप्प बसत नाही. रेडिओवर स्टेशन लागेना की आपण आवाज वाढवतो आणि खरखर मोठी होते, तसंच काहीसं. शिट्टी म्हणजे बरेचदा ती खरखर. ती कान बिघडवत नाही. कान आधी बिघडलेला असतो, त्याची ती वर्दी असते.

2012 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी याचा साधा प्रयोग केला. चांगलं ऐकू येणाऱ्या 18 जणांच्या एका कानात सात दिवस बोळा. 14 जणांना नसलेले आवाज ऐकू यायला लागले, आणि बोळा काढल्यावर ते थांबले. म्हणून आवाजाचा त्रास होतो म्हणून दिवसभर कापूस घालून बसणं हे उलटं औषध आहे. रात्री खोली अगदी चिडीचूप ठेवू नका. मी पंखा चालू ठेवतो, थंडीतसुद्धा. बायकोने आता वेगळी गोधडी घेतली आहे.

आता तुमचा ‘जवळपास नॉर्मल’ रिपोर्ट. नेहमीची ऑडिओमेट्री 250 ते 8000 हर्ट्झपर्यंतच जाते. तरुण कान 20,000 पर्यंत ऐकतो. वरचं गेलं असेल तर या कागदावर दिसत नाही. शिवाय 2009 मध्ये कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की मोठ्या आवाजानंतर चाचणी पुन्हा नॉर्मल येते, तरी केसपेशी आणि नस यांच्यातले जवळपास निम्मे सांधे कायमचे गेलेले असतात. म्हणून कागद नॉर्मल असला तरी तुमची शिट्टी मनाचा खेळ ठरत नाही. मात्र प्रत्येक शिट्टीमागे बहिरेपणा असतोच असं नाही, आणि कमी ऐकू येणाऱ्या सगळ्यांचेच कान वाजतात असंही नाही.

माझा आलेख 2000 पर्यंत ठीक होता, 4000 ला खड्डा, 55 डेसिबलपर्यंत, आणि 8000 ला जरा वर. गोंगाटाची ही सहीच समजा. आमच्या वेळी कारखान्याच्या नियमांत 8 तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा होती. आमचे इअरमफ खिळ्याला टांगलेले असायचे, इन्स्पेक्टर यायच्या दिवशी डोक्यावर. गोंगाटाने आलेला बहिरेपणा तेव्हाच्या फॅक्टरी अ‍ॅक्टप्रमाणे सरकारला कळवायचा आजार होता. माझा कुणी कळवला नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

मशीनचं सांगतो. नीट मोजून बसवलेलं मशीन कान बिघडवत नाही. हरवलेली पट्टी मेंदूला परत देतं. मी तीन वर्षं लाजेपोटी टाळलं. शेवटी वांद्र्याला रेक्लमेशनवर अली यावर जंग या कमी ऐकू येणाऱ्यांसाठीच्या सरकारी संस्थेत तपासणी केली आणि मशीन घेतलं. श्रावणात ठाण्याजवळ येऊरच्या जंगलात गेलो होतो. आधीच्या वर्षी तिथे बायको म्हणाली होती, ‘अहो, काय किरकिरतायत हे!’ तेव्हा मी मान डोलावली, पण ऐकत होतो ते माझ्या कानातले रातकिडेच. या वेळी चालता चालता मशीन कानात बसवलं आणि किरकिर एकदम बाहेर गेली, झाडांत. डाव्या बाजूच्या ओढ्याकडे जास्त, उजवीकडे कमी. माझे रातकिडे तिच्याखाली दबले. गेले नाहीत हो. रात्री मशीन काढलं की हजर. पण आता ओळखीचे वाटतात. ज्यांना तेवढ्याने भागत नाही, त्यांना समुपदेशनाचा, सीबीटीचा (विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराचा) उपयोग होतो. शिट्टी घालवणारी गोळी मात्र आजमितीला नाही, जाहिरात काहीही म्हणो.

एक गोष्ट टाळू नका. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी ईएनटी गाठा. स्टेरॉइड लवकर सुरू झालं तर फायद्याची शक्यता जास्त. शिट्टी एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यासारखी धडधड असेल किंवा सोबत चक्कर येत असेल, तरी थांबू नका. आणि दुसऱ्या कशासाठी अमिकासिनसारखं, कानाला इजा करू शकणारं अँटिबायोटिक इंजेक्शन द्यायची वेळ आली तर कान वाजतात हे आधी सांगा.

तुमच्या रिपोर्टवर उजव्या कानाचे लाल गोल आणि डाव्याच्या निळ्या फुल्या असतील. त्यातले 4000, 6000 आणि 8000 चे आकडे इथे टाका. आणि घरी एक करून बघा: वॉशिंग मशीन संपल्याची पीप पलीकडच्या खोलीतून ऐकू येते का, तेही लिहा.